तुम्ही विचारलेत म्हणून: ते जनुक परत का बसवत नाही?

रॅब्डॉइड ट्यूमर या लहान मुलांच्या दुर्मीळ, आक्रमक कर्करोगात बहुतेक वेळा स्मार्कबी१ हे एकच जनुक गेलेले असते, मग तेच परत का बसवत नाही, हा प्रश्न मला वर्षानुवर्षे विचारला जातो. मी तो टाळते, असाही समज झाला आहे. तो खरा नाही. पण पूर्वी मी दिलेले उत्तर अपुरे होते, हे खरे आहे.

काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात मी दोन चित्रे दाखवली. डावीकडे या ट्यूमरच्या दाटीवाटीने वाढणाऱ्या पेशी, उजवीकडे स्मार्कबी१ परत घातल्यावर पसरट होऊन विभाजन थांबवलेल्या त्याच पेशी. "यांना एवढेच हवे होते," असे मी मोठ्या समाधानाने म्हणाले. नंतर एक गृहस्थ थांबले. त्यांची मुलगी दीड वर्षाची असताना याच आजाराने गेली होती. आवाज न चढवता त्यांनी विचारले, "मॅडम, मग तिला ते का नाही दिले?" मी जनुक पेशींत नेणारे विषाणू-वाहक, मात्रा असे काहीबाही बोलत राहिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, नमस्कार केला आणि ते गेले. मी त्यांना सांगायला हवे होते की प्रयोगशाळेतल्या बशीतल्या ज्या पेशींनी जनुक घेतले नव्हते, त्या आम्ही औषध घालून आधीच मारल्या होत्या आणि उरलेल्यांचेच चित्र काढले होते. शरीरात अशी निवड करता येत नाही. जनुक न पोहोचलेल्या थोड्या पेशीही ट्यूमर पुन्हा वाढवू शकतात.

म्हणून हे संशोधन व्यर्थ आहे, असे मात्र मी मान्य करणार नाही. डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. ही गुंडाळी सरकवून जनुके वाचण्यासाठी मोकळी करणारे स्विच-स्निफ हे प्रथिनांचे संकुल (स्मार्कबी१चे प्रथिन याचाच एक भाग) आणि ती मिटवून ठेवणारा पॉलिकोम्ब हा प्रथिनांचा गट यांच्यातील ओढाताण समजली, त्यातूनच पॉलिकोम्बमधील ईझेडएच२ हे विकर रोखणाऱ्या टॅझेमेटोस्टॅट या औषधाचा मार्ग निघाला. अमेरिकेत २०२० मध्ये त्याला मान्यता मिळाली. ती एपिथेलिऑइड सार्कोमा या दुसऱ्या कर्करोगासाठी होती, त्या मुलीच्या आजारासाठी नव्हे.

स्मार्कबी१ गेल्याने "संकुल मोडले" हा माझा तेव्हाचा शब्दही आज मला खटकतो. ते गेले तरी संकुलातली बाकीची प्रथिने एकत्र राहतात, आणि ज्या प्रकारच्या संकुलात स्मार्कबी१ मुळातच नसते त्यावर या ट्यूमरच्या पेशी जगण्यासाठी अवलंबून असतात. मग आजार हरवलेल्या प्रथिनामुळे होतो की उरलेल्यांच्या कामामुळे? माझे मत दर दोन वर्षांनी बदलते.

ती दोन चित्रे मी अजूनही दाखवते. आता त्यांच्याआधी मेलेल्या पेशींच्या बशीचे चित्र येते.