ऑटोफॅजी, यीस्ट आणि साबुदाण्याची खिचडी

नोबेल उपासाला मिळालेलं नाहीये, हे आधीच सांगून टाकते. आषाढी जवळ आली की आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज येतोच, उपास केला की ऑटोफॅजी होते, म्हणजे पेशी आपलाच टाकाऊ माल फोडून साफसफाई करते, हे जपानी शास्त्रज्ञानं सिद्ध केलं आणि नोबेल मिळवलं, आपल्या पूर्वजांना आधीच माहीत होतं, खाली हात जोडलेले इमोजी. मी बायोलॉजी शिकवते म्हणून मग सगळे मलाच टॅग करतात, तर एकदाच नीट लिहिते.

उपास केला होता तो यीस्टने. मेसेजमधले ते जपानी शास्त्रज्ञ म्हणजे योशिनोरी ओसुमी, त्यांनी 1988 मध्ये टोकियोत स्वतःची लॅब सुरू केली तेव्हा ते यीस्टच्या व्हॅक्युओलकडे बघत होते, आपल्या पेशीत जे काम लायसोझोम करतो ते यीस्टमध्ये व्हॅक्युओल करतो, म्हणजे टाकाऊ माल फोडायचं. पण हे फोडणं इतकं झटपट होतं की मायक्रोस्कोपखाली काही सापडतच नाही. मग त्यांनी काय केलं, तर ज्या यीस्टमध्ये ती फोडणारी एन्झाइम्सच नाहीत असं यीस्ट घेतलं, त्याला उपाशी ठेवलं आणि बघत बसले, तर थोड्याच वेळात व्हॅक्युओल बारीक बारीक गोळ्यांनी, म्हणजे फोडायला आलेल्या पण न फुटलेल्या मालानं, भरून गेला आणि त्या आत नुसत्या वळवळतायत! मला हा सगळा भाग भयंकर आवडतो, साधा मायक्रोस्कोप आणि डोकं. पुढे 1993 मध्ये त्यांनी यासाठी लागणारी 15 जीन्स शोधली आणि 2016 चं नोबेल या यंत्रणेच्या शोधासाठी आहे. आणि गंमत म्हणजे या प्रयोगांत नेहमी वापरतात त्या उपाशी मीडियममध्ये, म्हणजे यीस्ट ज्यात ठेवतात त्या द्रावणात, नायट्रोजन नसतो, साखर असते बरं का.

'ऑटोफॅजी' हा शब्द त्याहून जुना आहे, लायसोझोम शोधणाऱ्या ख्रिश्चन द ड्यूवनी 1963 साली दिलेला. पेशीत बिघडलेली प्रोटीन्स, निकामी मायटोकॉन्ड्रिया वगैरे पडलेलं असतं, त्याच्याजवळ एक दुहेरी पडदा वाटीसारखा वाकत जातो, कडा जुळतात आणि माल आत कोंडला जातो. ही पिशवी म्हणजे ऑटोफॅगोझोम. ती लायसोझोमला जाऊन मिळते, आतलं सगळं फोडलं जातं आणि निघालेली अमिनो ॲसिड्स पेशी परत वापरते. बस, ऑटोफॅजी म्हणजे एवढंच. यात 'टॉक्सिन बाहेर पडतात' असलं काही नाही, बाहेर काहीच पडत नाही, सगळं आतल्या आत.

आणि हे तुम्ही जेवलात तरी चालूच असतं, थोड्या प्रमाणात. उपाशी राहिलं की वाढतं हे खरं, कारण खाल्लं की इन्सुलिन आणि अमिनो ॲसिड्स वाढतात, एमटॉर नावाचं प्रोटीन जागं होतं आणि ते ऑटोफॅजीला लगाम घालतं. आता सांगा, एकादशी दुप्पट खाशी करून साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर केळ्याची शिकरण, यात कुठला लगाम सुटणार? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. श्रद्धेनं उपास करा, मीही करते आणि खिचडी तर मला दोन वाट्या लागते, पण तिला ऑटोफॅजी म्हणू नका.

जिमवाल्यांचं वेगळंच, 'उपासाच्या सोळाव्या तासाला ऑटोफॅजी ऑन होते'. उंदरांना 24 तास उपाशी ठेवून स्नायूंमध्ये ती वाढलेली दाखवलीय, पण उंदराच्या जिवाला 24 तास म्हणजे केवढा मोठा उपास. माणसात हे दाखवणारी रक्ताची साधी टेस्ट लॅबमध्ये मिळत नाही, मग हा सोळावा तास यांनी कुठल्या घड्याळात बघितला?

शिवाय जास्त म्हणजे चांगलीच असंही नाही. वाढलेल्या ट्यूमरमधल्या पेशीसुद्धा अन्न कमी पडलं की ऑटोफॅजी वापरूनच तग धरतात, म्हणून तर कॅन्सरमध्ये ती बंद पाडायचे प्रयत्न चालू आहेत, त्यासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वापरून ट्रायल्स झाल्यात, हो, तीच कोविडमध्ये गाजलेली गोळी.

आणि ज्यांना इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हे असले मेसेज वाचून डॉक्टरांना न विचारता निर्जळी अजिबात करू नका, शुगर एकदम खाली जाते. काका, हे तुम्हालाच लिहिलंय.