तुम्ही विचारलंत म्हणून: राईची उशी ठेवू का?

ठाण्यात मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. बाळासोबत आलेल्या आज्या हमखास विचारतात, ‘डोकं एका बाजूने चपटं झालंय, राईची उशी ठेवू ना?’

नका ठेवू. पहिलं वर्षभर बाळाच्या अंथरुणात कुठलीच उशी नको, नाक दबून श्वास अडकू शकतो. म्हणून पालथं किंवा कुशीवरही झोपवू नका. अमेरिकेत 1990च्या दशकात बाळांना उताणं झोपवायची मोहीम झाली, तेव्हा झोपेत अचानक होणारे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. चपटी डोकी मात्र जास्त दिसू लागली. त्यावर उपाय आहे, आणि तो जागेपणी करायचा.

कवटीची हाडं मऊ असतात. बाळ मान सतत एकाच बाजूला वळवत असेल, तर ती बाजू बसते. मान तिकडेच का वळते, ते आधी बघा. आपल्या फ्लॅटमध्ये पाळणा भिंतीला लावलेला असतो. आई, खिडकी, पंखा सगळं दुसऱ्या बाजूला. बाळ भिंतीकडे कशाला बघेल? एक दिवस डोकं या टोकाला, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला ठेवा. ‘उत्तरेला डोकं नको गं,’ असं आजी म्हणाल्या तर पाळणा पूर्व-पश्चिम फिरवा. दोन्ही टोकं चालतात आणि घरात वादही होत नाही.

जागं असताना, कुणीतरी जवळ बसून, दिवसातून दोन-तीनदा तीन-चार मिनिटं बाळाला पालथं घाला. सुरुवातीला तुमच्या छातीवरच. हळूहळू वेळ वाढवा. बाटलीने पाजत असाल तर हात बदला. मालीशवाल्या मावशींना मात्र स्पष्ट सांगा, डोकं दाबून गोल करायचं नाही.

अंघोळीनंतर केस ओले असताना डोकं वरून बघा. चपट्या बाजूचा कान थोडा पुढे आलेला दिसला, तर बहुधा झोपण्यामुळेच झालंय. कान मागे ओढलेला असेल किंवा कवटीवर कडक उंचवटा लागत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. कवटीचे सांधे वेळेआधी जुळल्याची शंका असते. मान एका बाजूला वळतच नसेल तर स्नायू आखडलेला असू शकतो. त्याचे व्यायाम जितके लवकर सुरू होतील तितकं बरं.

डोक्याला आकार यावा म्हणून बाळाला घालायच्या महागड्या हेल्मेटचं विचारता, म्हणून सांगते: 2014 साली नेदरलँड्समधल्या अभ्यासात हेल्मेट घातलेल्या आणि न घातलेल्या मुलांच्या डोक्याच्या आकारात दोन वर्षांच्या वयाला फरक आढळला नाही. पैसे भरण्याआधी डॉक्टरांशी बोला.