तुम्ही विचारलंत म्हणून : वरूनच एक थर का मारत नाही?

सांगलीत पेठेतल्या रस्त्याचं काम निघालं की दारात खुर्ची टाकून बसलेले कुणीतरी काका हाक मारतातच, "काय ओ साहेब, चांगला रस्ता उकरताय कशाला? वरनंच एक थर मारा की!" बोर्डावर 'बाजारपेठ सुशोभीकरण' लिहिलेलं असतं, त्यामुळे आम्ही रंगरंगोटीला आलोय असाच लोकांचा समज होतो.

मी त्यांच्याच दुकानाची पायरी दाखवतो. जुन्या गाळ्यांना दोन-तीन पायऱ्या असायच्या. आता एखादी उरलीय, कुठे तीही नाही. डांबराचा एक थर चार-पाच सेंटिमीटरचा. असे चार बसले की एक पायरी रस्त्यात गेली! मग साधा वळीव झाला तरी पाणी उंबऱ्याशी येतं आणि कापडाचे गठ्ठे वरच्या फळीवर चढवायची धावपळ. (महापुराची गोष्ट वेगळी. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. 2019 साली कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. तिथं आमच्या दोन-चार इंचांना कोण विचारतो?)

तर भांडण सगळं लेव्हलचं. वरचं डांबर मशिननं खरवडता येतं, पण त्याखालची जुनी पाण्याची लाइन आणि तुंबलेली गटार तशीच राहते. त्याच्याही खाली आपली काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. ती काढून मुरूम-खडी भरून रोलरनं दाबली नाही, तर वर डांबराऐवजी कितीही भारी पेव्हर ब्लॉक, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसवा, पहिल्याच पावसाळ्यात खचणार. गाडी जाते तिथं 80 मिलिमीटर जाडीचा ब्लॉक, फुटपाथला 60 चा चालतो. खाली बारीक कच, कडेला पक्का कर्ब, म्हणजे काठाचा दगड. कर्ब ढिला पडला की ब्लॉक बाहेर सरकतात आणि सांधे उघडतात. लोक मात्र ब्लॉकचा रंग बघतात.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो उतार. गटारीकडे मीटरला साधारण 25 मिलिमीटर उतार ठेवला की पाणी निघून जातं. पण दोरी लावताना दोन्ही बाजूंचे दुकानदार बाहेर येऊन उभे राहतात. पाणी समोरच्याच्या दारात गेलं तरी चालेल, असं कुणी तोंडानं म्हणत नाही, नजरेवरून कळतं. त्यातच एखाद्यानं स्कूटर चढवायला सिमेंटचा उतार थेट गटारीवर केलेला असतो. तो फोडायचा म्हटलं की चहा येतो, मग फोन येतो.

ब्लॉकच का, असंही विचारतात. लाइन फुटली तर ब्लॉक उचलून, दुरुस्ती करून तेच परत बसवता येतात, डांबरासारखं ठिगळ राहत नाही. पुढे केबल टाकायला म्हणून रस्त्याखालून आडवे रिकामे पाइपही ठेवतो. केबलवाल्याला मात्र पाइप सापडायच्या आधी कुदळ सापडते.

राहिला मुहूर्त. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी. गणपती ते दिवाळी व्यापारी खोदू देत नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे, वर्षाचा धंदा तेव्हाच होतो. मग लग्नसराई. त्यातून उरलेल्या दिवसांत आम्ही घुसतो, आणि मार्च आला की बिलं काढायची घाई. म्हणून उन्हाचा कडाका आणि तुमच्या दारातली धूळ दरवर्षी एकाच वेळी सुरू होते.