ऑप्टोमेट्रीचे कॉलेज निवडताना फीच्या आधी ओपीडी पाहावी

बारावीचा निकाल लागला की चष्म्याचा नंबर काढायला आलेले पालक मला हमखास विचारतात, "ऑप्टोमेट्रीला घालायचं म्हणतोय, स्वस्तातलं चांगलं कॉलेज कोणतं?" ऑप्टोमेट्री म्हणजे डोळे तपासण्याचे आणि चष्म्याचा नंबर काढण्याचे शिक्षण. वैद्यकीयचे गुण हुकलेले असतात, मूल हुशार असते आणि डोंबिवली किंवा विरारचा पगारदार बाप फीचा आकडा ऐकून आधीच धास्तावलेला असतो. मुंबईत ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करताना निरनिराळ्या कॉलेजांची इंटर्न मुले माझ्या हाताखालून गेली आहेत. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की या शिक्षणाचा खरा भाव वार्षिक फीवर ठरत नाही. विद्यार्थ्याने देखरेखीखाली किती पेशंट स्वतःच्या हाताने तपासले, यावर तो ठरतो.

एक उदाहरण देतो. सात-आठ वर्षांचे मूल ऑटोरिफ्रॅक्टरच्या, म्हणजे आपोआप नंबर काढणाऱ्या यंत्राच्या, खिडकीत डोकावते, तेव्हा यंत्रातले चित्र जवळ आहे असे समजून त्याचा डोळा आतल्या आत ताण घेतो आणि यंत्र नसलेला किंवा असलेल्यापेक्षा मोठा मायनस नंबर छापून मोकळे होते. अशा वेळी गरज पडल्यास डोळ्यांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने थेंब टाकून रेटिनोस्कोपी, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून हाताने नंबर काढण्याची तपासणी, करावी लागते. त्यासाठी अंधाऱ्या खोलीत साधारण ६६ सेंटिमीटरवर बसायचे, बाहुलीतली तांबूस प्रकाशपट्टी आपल्या हालचालीबरोबर सरकते की उलट दिशेने हे पाहायचे, ती हालचाल थांबेपर्यंत भिंगे बदलायची आणि शेवटी त्या अंतराचे दीड डायॉप्टर (भिंगाच्या नंबराचे एकक) वजा करायचे. पुस्तकात हे अर्ध्या पानात संपते. प्रत्यक्षात मूल मान वळवते, रडते, आईकडे बघते, आणि विद्यार्थ्याच्या हाती पट्टी दिसण्याचे दोन-तीन क्षणच लागतात. भरल्या ओपीडीत शिकलेला इंटर्न त्या क्षणांत आपले काम करून घेतो. ज्याने वर्गमित्रांचेच डोळे तपासून प्रॅक्टिकलची वही भरली आहे, तो निमूटपणे यंत्राची चिठ्ठी उतरवतो आणि मुलाला नको तो चष्मा लागतो.

म्हणून कॉलेज पाहायला जायचे ते कामाच्या दिवशी सकाळी, आणि कार्यालयात जाण्याआधी ओपीडीत. कॉलेजचे स्वतःचे नेत्ररुग्णालय आहे, की कुठल्याशा रुग्णालयाशी केवळ कागदोपत्री करार आहे? एका स्लिट लॅम्पमागे, म्हणजे डोळा मोठा करून पाहण्याच्या सूक्ष्मदर्शकामागे, किती विद्यार्थी उभे असतात? काचबिंदू, तिरळेपणा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि लो व्हिजन (चष्म्यानेही न सुधारणारी कमी दृष्टी) यांचे स्वतंत्र विभाग चालू आहेत, की फक्त दारावर पाट्या आहेत? माहितीपत्रकावर फोरॉप्टरमागे, म्हणजे भिंगे बदलून नंबर ठरवण्याच्या यंत्रामागे, हसणारी मुलगी असतेच. त्या यंत्रावरचे प्लास्टिकचे आवरण काढलेले आहे का, हे मात्र जाऊनच कळते. तिसऱ्या वर्षाची मुले बाहेर चहाला आली की त्यांना विचारावे, "डोळ्याचा दाब तुम्ही स्वतः शेवटचा कधी मोजला?" प्राचार्यांच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा या उत्तरातून अधिक समजते.

मान्यतेचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो कागदपत्रांवरून तपासता येतो. २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन झाला आणि ऑप्टोमेट्री त्याच्या कक्षेत आली. पदवी बॅचलर ऑफ ऑप्टोमेट्रीची आहे का, ती कोणत्या विद्यापीठाची आहे आणि अभ्यासक्रम आयोगाच्या आराखड्यानुसार आहे का, हे लेखी विचारावे. आजवर बहुतेक ठिकाणी तीन वर्षे अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप अशी रचना राहिली आहे. घरबसल्या पदवी देणाऱ्या जाहिरातींकडे ढुंकूनही पाहू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ पासून असे आरोग्यविषयक अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला मनाई केली आहे. 'थेट अमेरिकेत संधी' हेही असेच एक आमिष आहे, कारण तिथे व्यवसाय करायचा तर तिथली मान्यताप्राप्त डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री ही पदवी आणि परवाना परीक्षा लागते.

आता पैशांचा हिशेब. जाहिरातीत पहिल्या वर्षाची शिकवणी फी असते. परीक्षा शुल्क, विकास निधी, अनामत, स्वतःचा रेटिनोस्कोप आणि ऑफ्थॅल्मोस्कोप (डोळ्याचा आतला भाग पाहण्याचे उपकरण) यांचा खर्च नंतर हळूहळू उघड होतो. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न इंटर्नशिपच्या वर्षाचा: त्या वर्षीही पूर्ण फी घेतात का, आणि विद्यावेतन देतात का? विद्यार्थी पूर्णवेळ पेशंट तपासत असताना त्याच्याचकडून पूर्ण फी घेणे मला पटत नाही, पण तसे घडते. संपूर्ण अभ्यासक्रमाची बेरीज एका कागदावर मांडली की 'स्वस्त' कॉलेज कधी कधी महागाचे निघते.

जुहूच्या लोटससारखे नेत्ररुग्णालयाशी जोडलेले कॉलेज मुंबईतच आहे, तर चेन्नईच्या शंकर नेत्रालयाची १९८५ मध्ये सुरू झालेली एलिट स्कूल आणि हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था यांचे नाव या क्षेत्रात सर्वांच्या तोंडी असते. बाहेरगावी पाठवायचे तर वसतिगृह आणि जेवणाचा खर्च धरावा लागतो. घरी राहून शिकणाऱ्याला लोकलचा सवलतीचा पास स्वस्त पडतो हे खरे, पण कल्याणहून जुहूला रोज जाऊन-येऊन मुलाच्या अंगात संध्याकाळी पुस्तक उघडण्याचे त्राण किती उरेल, याचाही विचार करावा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पॅरामेडिकल पदवीत ऑप्टोमेट्री टेक्निशियन ही शाखा आहे आणि सरकारी महाविद्यालयात ती कमी खर्चात होऊ शकते; मात्र ती पदवी आणि बॅचलर ऑफ ऑप्टोमेट्री यांना एकच समजू नये.

मुलींच्या पालकांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना राज्य सरकारने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण माफी दिली आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, आणि अभिमत तसेच खासगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे या योजनेच्या बाहेर आहेत. तेव्हा आपले कॉलेज आणि नेमका हाच अभ्यासक्रम महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या यादीत आहे का, हे अनामत भरण्यापूर्वी स्वतः पाहावे, आणि खिडकीवरच्या कारकुनाने "मिळून जाईल हो" म्हटले तर ते कॉलेजच्या शिक्क्यानिशी लिहून मागावे.