थर्टी-ऑट-सिक्सचं काडतूस आणि आमची ठासणीची बंदूक

काडतूस भरणाऱ्याला गोळीच्या वेगाचा मोह पडतोच. तो आवर, असं मी माझ्या पुतण्याला उन्हाळ्यापासून सांगतोय. तो कोलोरॅडोत असतो, मी इथे गुहागर तालुक्यात. इथे रात्रीचे नऊ वाजले की तिथे सकाळचे साडेनऊ झालेले असतात. शनिवारी त्या वेळी तो रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, पोचतो आणि मला व्हिडिओ कॉल लावतो. पडवीत नेट बरं येतं, म्हणून मी तिथेच बसतो. "काका, बघा," म्हणून तो नेमाचा कागद फोनसमोर धरतो. मी आधी विचारतो, बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, हलका उघडला ना?

त्याला यंदा एल्कच्या शिकारीचं लायसन्स मिळालंय. एल्क हा आपल्या सांबराच्याच कुळातला, पण त्याहून थोराड. मोठा नर ३०० किलोच्या वर भरतो. तिथे ही शिकार कायदेशीर आहे आणि नियमही चोख आहेत. एल्कसाठी रायफलची नळी ०.२४ इंच व्यासाची तरी हवी, गोळी निदान ८५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) आणि आत शिरल्यावर फुलणारी हवी. अंगावर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड हवं. पुतण्याची रायफल थर्टी-ऑट-सिक्स, म्हणजे १९०६ सालापासून चालत आलेलं काडतूस.

दुकानात तयार काडतुसं मिळतात, पण त्याला स्वतःची भरायची होती आणि मला ते पटलं. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी आधी डायमधून, म्हणजे पोलादी साच्यातून, काढून मूळ आकाराला आणायची, जुना प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी बुडातली टोपी, त्याच वेळी पडतो. मग लांबी मोजायची. २.४९४ इंचांवर गेली असेल तर कापायची, कारण लांब झालेली मान चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या घराच्या, टोकाला दाबली जाते, गोळी सुटायला अडते आणि दाब भलताच चढतो. मग नवा प्रायमर, तोललेली दारू, वर गोळी. दारू ग्रेनमध्ये तोलतात. सोनाराची एक गुंज म्हणजे साधारण दोन ग्रेन आणि हा अर्ध्या ग्रेनच्या पायरीने वर जातो, यावरून अंदाज यावा.

सुरुवात काडतूस भरण्याच्या पुस्तकात दिलेल्या सगळ्यात कमी भारापासून, म्हणजे दारूच्या वजनापासून. प्रत्येक पायरीची तीन काडतुसं, पेटीवर पेनने भार लिहिलेला. बार झाला की पुंगळी उचलून बघायची. प्रायमर चपटा झालाय का, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा, म्हणजे पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीचा, चकचकीत ठसा उठलाय का, बोल्ट उचलताना जड गेला का? यातलं एक जरी दिसलं तरी तिथेच थांबायचं आणि वरच्या भाराची काडतुसं न उडवता घरी आणून उलगडायची. या काडतुसाला कमाल ६०,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब ठरवून दिलाय, पण रेंजवर दाब मोजायचं यंत्र कुणाकडे नसतं. पुंगळी वाचता आली पाहिजे. ही चिन्हंही उशिरा उमटतात, म्हणून पुस्तकातला कमाल आकडा हीच हद्द धरायची. माझा बोल्टचा प्रश्न त्यासाठी.

मध्येच त्याने शिशाची गोळी सोडून निव्वळ तांब्याची घेतली. मांस घरात पोरंबाळं खाणार, त्यात शिशाचे कण नकोत. फार चांगलं केलं. पण तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, पुंगळीत जास्त जागा खाते आणि आधीचा हिशोब मोडतो. मी त्याला पुन्हा तळापासून चढायला लावलं. गोळी बदलली, प्रायमर बदलला, दारूचा डबा दुसऱ्या लॉटचा, म्हणजे कारखान्यातल्या दुसऱ्या घाण्याचा, आला, की खाली यायचं आणि परत चढायचं. तो कंटाळला होता, तरी केलं.

मी हे कुठून शिकलो? माझ्याकडे वडिलांची ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. आपल्याकडे काडतूस घरी भरणं म्हणजे दारूगोळा बनवणं, त्याला १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली वेगळा परवाना लागतो. मी फक्त नळीत बार भरतो. मापाने दारू, वर काथ्या, गजाने ठासायचं. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरतात, सुपारीच्या बागेतली माती उकरतात. त्यांना पिटाळायला रिकामा बार पुरतो. डुक्कर मारायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते आणि ती असावीच. वडिलांनी गजावर कानशीने एक खाच मारून ठेवलीय. बार भरल्यावर गज आत घातला की खाच बरोबर नळीच्या तोंडाशी येते. खाच बाहेर राहिली तर आत आधीचा बार आहे. मग पुढे काही करायचं नाही. वडील बार भरताना कुणाशी बोलत नसत, चहासाठी हाक मारली तरी मान वर करत नसत.

इथे एक गोष्ट गावातल्या तरुण मुलांसाठी मुद्दाम लिहितो. काडतुसात असते ती धूरविरहित दारू. ती ठासणीच्या बंदुकीत घालायची नाही, चिमूटभरही नाही. काळ्या दारूच्या मापाने ती भरली तर दाब नळीला पेलत नाही, नळी फुटते आणि हात जातो. शिवाय काळ्या दारूची काजळी आपल्या खाऱ्या दमट हवेत ओल धरते, त्याच रात्री गरम पाण्याने नळी धुऊन, सुकवून तेलाचा हात दिला नाही तर आठवड्यात गंज दिसतो.

पुन्हा पुतण्याकडे. त्याचे दोन भार उरले होते. वरच्याला वेग जास्त, पण त्या तीन गोळ्या कागदावर पसरलेल्या. खालच्याचा वेग थोडा कमी, पण १०० यार्डांवर तिन्ही भोकं एका इंचात आणि क्रोनोग्राफवरचे, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावरचे, आकडेही जवळजवळचे. त्याचं मन वरच्यावर होतं. मी म्हटलं, अरे, त्या जनावराला तुझा वेग काय करायचाय? खांद्यामागे फुफ्फुसात गोळी बसली तर ते थोड्या पावलांत खाली येईल. पोटात बसली तर डोंगर ओलांडून जाईल आणि तिथे तडफडत मरेल. जी गोळी दर वेळी सांगितलेल्या जागी जाते ती भर. त्याने खालचा भार घेतला आणि ३०० यार्डांपलीकडे बार टाकायचा नाही असंही ठरवलं. किती ग्रेन ते इथे लिहीत नाही, कारण तो आकडा त्याच्या एका रायफलचा आहे.

आता एक काम राहिलंय. हे सगळे बार उन्हाळ्यातल्या हवेत झाले, शिकार ऑक्टोबरात उंच डोंगरावर. काही दारू थंडीत मंदावतात, वेग उतरतो आणि लांबवर गोळी खाली लागते. म्हणून पहिली थंडी पडली की काडतुसं रात्रभर बाहेर गाडीत कुलूपबंद ठेवून पहाटे, नळी गार असताना, २०० आणि ३०० यार्डांवर बार टाकून बघ, आणि तेही मेजावरून नाही, बसून आणि गुडघ्यावरून, असं त्याला सांगितलंय. तो हो म्हणालाय. त्या शनिवारी इथे भातकापणी चालू असेल, तरी मी फोन घेणार आहे.