पूर्वपक्षासकट

मराठी विकिपीडियावर उत्पात रोजचाच. कुणी शाळेच्या लेखात मित्राचं नाव घुसडतं, कुणी गावाच्या लेखात सरपंचांची आरती ओवाळतं. इतिहास पानावर जाऊन ते उलटवायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. त्या शनिवारी 'कामसूत्र' लेखातला पुरुषांमधल्या समलिंगी संबंधांबद्दलचा माझा परिच्छेद काढला गेला, तो मात्र उत्पात नव्हता. काढणारे सदस्य जुने, संतसाहित्याच्या लेखांवर मन लावून काम करणारे. चर्चा पानावर त्यांनी कारणही दिलं होतं: हा पाश्चात्त्य विचार प्राचीन ग्रंथावर लादलेला आहे, आणि लेखकाने सदस्य पानावर आपण समलिंगी असल्याचं स्वतःच लिहिलं असल्यामुळे यात त्याचा हितसंबंध आहे.

दुसरं वाक्य वाचून छातीत कळ आली. मी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून संस्कृत घेऊन एम.ए. झालो. नोकरी हिशेबांची करतो. वाचलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून रात्री इथे लिहितो. सदस्य पानावरची ती ओळ लिहायला मला बराच काळ लागला होता. तीच माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे आली.

तिथल्या तिथे परिच्छेद परत टाकता आला असता. पण मग ते काढणार, मी टाकणार, आणि शेवटी प्रचालक पान कुलूपबंद करणार. त्यापेक्षा दांडिया बाजारातून स्कूटर काढली आणि सूरसागरावरून कारेलीबागेत सरांकडे गेलो. चौखंबा प्रकाशनाची कामसूत्राची हिंदी टीकेसह आवृत्ती त्यांच्याकडे आहे.

"मूळ काढलंस का?" दारातच सरांनी विचारलं. "आठवणीवर लिहू नकोस. आणि त्या गृहस्थांना ग्रंथाबद्दल सांग, स्वतःबद्दल सांगत बसू नकोस."

दुसरं अधिकरण म्हणजे विभाग, नववा अध्याय, औपरिष्टक म्हणजे मुखमैथुनाचं प्रकरण. 'द्विविधा तृतीयाप्रकृतिः', म्हणजे तृतीय प्रकृतीच्या व्यक्ती दोन प्रकारच्या, अशी त्याची सुरुवात. उत्तरार्धात तो श्लोक:

तथा नागरकाः केचिदन्योन्यस्य हितैषिणः।
कुर्वन्ति रूढविश्वासाः परस्परपरिग्रहम्॥

एकमेकांचं हित चिंतणारे, एकमेकांवर पक्का विश्वास बसलेले काही नागरक, म्हणजे नगरातले रसिक पुरुष, परस्परांचा स्वीकार करतात. पहिल्यांदा हा श्लोक वाचला तेव्हा मी विद्यार्थी होतो, आणि घरी अजून काहीच बोललो नव्हतो. हितैषी आणि विश्वास, ही दोन्ही माझ्या आयुष्यात तोवर कुणी एकत्र उच्चारली नव्हती. ग्रंथकर्त्या वात्स्यायनाला त्यात काही विशेष वाटत नाही. नागरकांच्या इतर वागण्याबरोबर तो हेही सांगून जातो.

सरांनी मागची पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हेही टाक." औपरिष्टक करू नये, ते शास्त्राविरुद्ध आहे आणि असभ्य आहे, असं आचार्यांचं मत वात्स्यायनानेच तिथे नोंदवलं आहे, आणि मग स्वतःचं उत्तर दिलं आहे. वर देशोदेशीच्या चालीरीती वेगळ्या, असंही म्हटलं आहे. म्हणजे हरकत घेणाऱ्या सदस्यांचं म्हणणं ग्रंथातच बसलेलं होतं, पूर्वपक्ष म्हणून, उत्तर देण्याआधी मांडलेलं विरुद्ध मत म्हणून. सर म्हणाले, "पूर्वपक्ष गाळून सिद्धांत मांडणारा आपल्या शास्त्रात टिकत नाही."

संध्याकाळी परिच्छेद नव्याने लिहिला. मूळ श्लोक मला समजतो एवढ्याने तिथे भागत नाही. स्वतःचं संशोधन ज्ञानकोशात चालत नाही, छापील अभ्यासकांचा आधार लागतो. दिल्ली विद्यापीठात शिकवलेल्या रूथ वनिता आणि सलीम किदवई यांचं २००० सालचं संकलन घेतलं, वेंडी डॉनिगर आणि सुधीर कक्कर यांचा २००२ सालचा अनुवाद घेतला. आचार्यांचं मत आधी, वात्स्यायनाचं उत्तर नंतर, श्लोक शेवटी. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७चा उल्लेख मुद्दाम टाळला. २०१८च्या निकालाचं मोल मला पुरतं ठाऊक आहे, पण साधारण तिसऱ्या शतकातल्या ग्रंथाला त्याची साक्ष लागत नाही.

सरांचा एक सल्ला मात्र मी मानला नाही. प्रश्न माझ्याबद्दल विचारला गेला होता, तर उत्तरही माझ्याबद्दल द्यायला हवं होतं. चर्चा पानावर लिहिलं: मी समलिंगी आहे हे खरं. विवाहित सदस्यांनी 'विवाह' हा लेख लिहू नये, किंवा वारकरी घरातल्यांनी 'वारी'वर लिहू नये, असं आपण कधीच म्हणत नाही. त्यांच्याकडे मागतो ते संदर्भ. माझ्याकडेही तेच मागा, आणि कमी पडले तर बेलाशक परिच्छेद काढा.

'प्रकाशित करा' दाबताना हात थरथरत होता. आईने जेवायला हाक मारली. "आलो," म्हणालो आणि तरीही तिथेच बसून राहिलो.

उत्तर रात्री उशिरा आलं. पूर्वपक्ष घेतल्यामुळे आपली हरकत राहिली नाही, असं त्यांनी कळवलं. हितसंबंधाबद्दल चकार शब्द नाही. ते वाक्य चर्चा पानावर अजून आहे, त्याखाली माझं उत्तरही आहे. त्यांनी आपलं वाक्य मागे घ्यावं असं मला वाटतं, आणि तसं मी त्यांना लिहिलंही आहे. त्यांनी एक सूचना मात्र केली: सूत्रक्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, तेव्हा कोणत्या आवृत्तीचे ते टिपेत द्या. सूचना रास्त होती. त्याच रात्री टीप घातली.