ऑर्डर होती, कापूस नव्हता

1998 च्या जानेवारीत आमच्या सूतगिरणीत 19 दिवस पुरेल एवढाच कापूस उरला होता. गिरणी इंडोनेशियात, बांडुंगजवळ. मालक चिनी वंशाचे, कामगार सुंदानीज, आणि मी इचलकरंजीचा. सूत काढायला गेलेलो, पण निम्मा दिवस खरेदीच्या कागदांत जायचा.

जुलै 1997 मध्ये थायलंडने आपलं चलन बाट मोकळा सोडला, म्हणजे डॉलरशी बांधलेला त्याचा भाव बाजारावर सोडला, तेव्हा आम्ही बातमी वाचली आणि कामाला लागलो. तेव्हा डॉलरला 2,400 च्या आसपास इंडोनेशियाचे रुपिया पडायचे. ऑगस्टमध्ये रुपियाही मोकळा सुटला आणि जानेवारीत 10,000 च्या पार गेला. गावाकडून फोन यायचे, "तुमची तर चांदी आहे, माल डॉलरात विकताय!" हिशेब बरोबरच होता. सूत डॉलरात, पगार रुपियात. पण तिथे कापूस जवळजवळ पिकतच नाही. तो ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतून येतो, आणि येतो बँकेच्या एलसीवर, म्हणजे पैसे मिळतील या बँकेच्या लेखी हमीवर. 1 नोव्हेंबरला सरकारने एका दिवसात 16 बँका बंद केल्या होत्या. उरलेल्या बँकांच्या कागदालाही मग बाहेर कोणी विचारेना.

आमची बँक एलसी द्यायला तयार होती. कापूसवाला म्हणे, सिंगापूरच्या एखाद्या बँकेची हमी जोडा. सिंगापूरच्या बँका म्हणत, इंडोनेशियाचं नाव काढू नका. मग आमची बँक म्हणाली, पूर्ण रक्कम आधी डॉलरात भरा. डॉलर असते तर बँकेकडे गेलो कशाला असतो? दोन आठवडे याच चकरा.

वाट सापडली ती घरच्या धंद्यातून. वडील इचलकरंजीत खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, माग आपले, मिळते ती मजुरी. मी मालकांना म्हटलं, आपण तेच करू. हाँगकाँगच्या गिऱ्हाइकाने स्वतःच्या नावावर कापूस घ्यावा, आम्ही कातून द्यावा, किलोमागे डॉलरात मजुरी घ्यावी. मालकांना ते कमीपणाचं वाटलं. बरोबरच आहे, एवढ्या चात्यांचा धनी आणि मजुरीवर! पण साठा रोज कमी होत होता.

घासाघीस मजुरीवर झाली नाही, झाली घटीवर. कापसातून कचरा आणि तुटके तंतू किती जाणार? हाँगकाँगवाले 10 टक्क्यांवर अडले, मी 15 वर. चार दिवस फॅक्स चालले, 13 वर मिटलं. कस्टमचे कागद त्या मानाने लवकर झाले. पहिला कंटेनर येईपर्यंत निम्मे साचे बंद ठेवले, पण कोणाला काढलं नाही. तांदूळ आणि तेल इतकं महागलं होतं की कामगारांनीच सांगितलं, पगारवाढ राहू द्या, तांदूळ द्या. कँटीनमध्ये 'क्रिसमोन' (पैशाचं संकट) हा शब्द दिवसातून पन्नासदा ऐकू यायचा.

वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "घट लिहून घेतलीस काय?"

मे महिन्यात जकार्ता पेटलं. चिनी वस्त्या, दुकानं जाळली. मालकांनी बायकामुलांना सिंगापूरला धाडलं आणि स्वतः गिरणीतच झोपू लागले. आमचे तीन कंटेनर बंदरात अडकले. 21 मे रोजी राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंनी राजीनामा दिला तेव्हा सकाळपाळी टीव्हीसमोर उभी होती. कंटेनर त्यानंतर आले. मोजले तर दोन गाठी कमी. हाँगकाँगला पुन्हा फॅक्स.